मागे येऊ द्या

वसाहतींमधल्या रस्त्याचे आणि पार्किंगचे नियम बदलले, आणि मागच्या मोकळ्या जागेत आणखी एक इमारत उठणार म्हणून ते या जुन्या इमारतीच्याही गळ्यात पडले. समोरचं आवार मोकळं हवं, बंब आणि अ‍ॅम्ब्युलन्स थेट जिन्यापर्यंत आली पाहिजे. यात कुणी काय खोट काढणार? गाड्या मात्र सगळ्या मागच्या भिंतीशी गेल्या, आणि त्याही उलट्या लावायच्या, म्हणजे निघताना तोंड रस्त्याकडे. नकाशावर हे फार देखणं दिसत होतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेची मात्र त्या दिवसापासून झोप उडाली. कारण तिचे सासरे. अप्पांनी उभी हयात बसवर कंडक्टरकी केली. डेपोत बस मागे घेताना "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत मागे उभं राहायचं आणि नेमक्या क्षणी "बास!" म्हणून पत्र्यावर थाप मारायची, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सुनेला गाडी मागे घ्यायला शिकवलं तेही त्यांनीच. आता त्यांचं डोकं विसरायला लागलं होतं. शब्द एकेक करून जातील, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आधी नातीचं नाव गेलं, मग मीठ. जेवताना ते "ते पांढरं" मागायचे.

आणि खाली दिवसभर गाड्या मागे येत होत्या. आवाज आला की अप्पा चपला न घालताच जिना उतरायचे आणि गाडीच्या मागे जाऊन उभे राहायचे.

गेल्या आठवड्यात शेजारच्या शिक्षिकेची गाडी धाडकन भिंतीवर आदळली. सगळे हसले. "अप्पांनी गाडी पार मुक्कामाला पोचवली!" सून हसली नाही. ती गॅलरीतून बघत होती. अप्पांचं तोंड उघडलं होतं, हात वर गेला होता, ते जीव तोडून काहीतरी शोधत होते, आणि सापडलं ते पुन्हा "येऊ द्या"च. 'बास' हा शब्दही गेला होता.

ती तशीच सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेली. "त्यांच्या आवाजावर कुणी गाडी मागे घेऊ नका, आधी उतरून बघा, एवढं सांगा हो सगळ्यांना."

"अहो वहिनी, म्हातारा माणूस, तेवढाच विरंगुळा," सेक्रेटरी म्हणाले. "आणि गाड्या सरळ लावू द्या म्हणाल, तर ते जमायचं नाही. नियम म्हणजे नियम."

पालथ्या घड्यावर पाणी! मग तिने अप्पांजवळ दिवसभर एक मावशी ठेवली आणि बजावलं, काही झालं तरी दाराची कडी काढायची नाही.

आज ती कामावरून परतली तेव्हा भिंतीवर अजून ऊन होतं. खाली कुणी नव्हतं. तिच्या जिवात जीव आला. तिने गाडी वळवली, आरशात पाहिलं आणि रिव्हर्स टाकला.

"येऊ द्या."

आवाज खणखणीत होता, ती गाडी शिकत होती तेव्हाचा. आणि सवय ही काय चीज असते बघा, तिचा ब्रेकवरचा पाय आपसूक सैल पडला. या आवाजावर तिने आजवर कधी शंका घेतली नव्हती.

"येऊ द्या, येऊ द्या..."

गाडी सरकत राहिली. मग तिला कळलं. आरशात नुसती भिंत होती. आवाज भिंत आणि गाडी यांच्या मधून येत होता, आणि तो थांबणार नव्हता.

तिने सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडली.

उतरून मागे जायचंच तिला भय वाटलं. वरून मावशी ओरडत होती, "अहो, कचरा ठेवायला दार उघडलं तेवढ्यात..." अप्पा भिंतीला पाठ लावून, वाकून चाकाकडे बघत होते, म्हणून आरशात दिसले नव्हते. त्यांचे गुडघे आणि गाडी यांत वीतभर अंतर होतं.

"अप्पा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

त्यांनी मान वर केली. ही कोण, ते त्यांना ओळखता येईना. गाडी चालवणारी कुणी नवशिकी आहे आणि फार घाबरली आहे, एवढं मात्र कळलं. त्यांचा चेहरा एकदम मायाळू झाला.

"घाबरू नका बाई," ते म्हणाले. "मी आहे ना मागे."