मुद्रितशोधकाची मुलगी

फेब्रुवारी महिन्यातील एका मंगळवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या एका घरात, साडेतीन वर्षांची एक मुलगी दोन्ही हात फैलावून दारापाशी उभी होती आणि तिचे वडील गुडघ्यांवर बसून तिच्या स्वेटरची बटणे लावीत होते. मुलीचे लाडके नाव भिंगरी. वर्षापूर्वी ते तिला शोभत असे. हल्ली पायांत कोणी बूट चढविल्याखेरीज ती जागची हलत नसे.

वडील एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पान छापण्यापूर्वी ते वाचावे आणि चूक दिसताच तांबड्या शाईने दुरुस्त करावी, हा त्यांचा बावीस वर्षांचा व्यवसाय. चूक दिसली आणि हात स्वस्थ राहिला, असे त्यांच्या आयुष्यात घडले नव्हते. घरीही हाच नियम. भिंगरीने पेला तिरपा धरला की तो सरळ होई. डावा बूट उजव्या पायात गेला की तत्क्षणी बाहेर येई.

"अहो, तिची तिला लावू द्या की बटणं!" आतून आई म्हणाली.

"दिली होती की काल! खालचं बटण वरच्या काजात. निस्तरायला पुन्हा मीच."

"मला येत नाही," भिंगरी म्हणाली. हे वाक्य ती आताशा दिवसातून दहा वेळा म्हणे.

"ऐकलंस? वर्षभर बालघरात शिकवलं काय, तर पाणी या भांड्यातून त्या भांड्यात! शेजारची पोर शंभरपर्यंत घडाघडा म्हणते. शनिवारी मोठ्या शाळेची प्रवेशपरीक्षा आहे. बालघरातून हिचं नाव काढण्याचा अर्ज लिहून ठेवलाय. आज देऊनच टाकतो."

"खुशाल काढा. पण आधी तासभर तिथं बसून तरी पाहा. पान न वाचता शेरा मारता का कधी?"

हा टोला वर्मी बसला. अर्ज खिशात घालून ते निघाले.

बालघरात गुडघ्याएवढी कपाटे होती आणि वीस मुले असूनही गलबला नव्हता. एक मुलगा सांडलेले पाणी फडक्याने टिपीत होता. त्याला कोणी रागे भरत नव्हते. बालघर चालविणाऱ्या ताईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी वडिलांना एक बुटके स्टूल दिले.

"बसा. अट एकच. हात मांडीवर."

भिंगरीने कपाटातून एक लांब लाकडी ठोकळा आणला. त्यात दहा भोके होती आणि प्रत्येकात एक गोल लाकडी दट्ट्या, जाड्यापासून बारक्यापर्यंत. तिने सगळे उपसले आणि परत बसवू लागली. तिसराच दट्ट्या चुकला! बारका दट्ट्या मोठ्या भोकात डुगडुगू लागला.

"अगं, तो नाही!" वडिलांचा हात पुढे गेलासुद्धा.

भिंगरीने वर पाहिले. तिचे हात खाली पडले. "मला येत नाही," ती म्हणाली.

ताईंनी वडिलांना खिडकीपाशी नेले आणि त्या हळूच म्हणाल्या, "हे वाक्य वर्षभरात इथं मी तिच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं."

वडिलांचा चेहरा उतरला. तरीही ते वाद सोडणारे गृहस्थ नव्हते. "म्हणजे चूक दिसली तरी गप्प बसायचं? हाताला चुकीचंच वळण लागलं तर?"

"तुमच्या छापखान्यात अक्षरं कोण जुळवतं?"

"आहेत एक गृहस्थ. नऊ वर्षं शेजारी बसतो आम्ही."

"त्यांच्या चुका किती कमी झाल्या?"

"कमी? वाढल्या! परवा एक पान दोनदा जुळवलं. विचारलं, तर म्हणतात, 'चुका पकडायला तुम्ही बसला आहात ना! मी कशाला डोळे शिणवू?'"

बोलता बोलता ते थबकले.

"पुस्तक तुम्ही निर्दोष करता, ते योग्यच आहे," ताई म्हणाल्या. "पुस्तकाला स्वतः काही शिकायचं नसतं. मुलीला असतं. शंभरपर्यंत म्हणायला ती सहा महिन्यांत शिकेल. पण 'मला येत नाही' हे एकदा पक्कं शिकली, तर ते खोडायला तुमची तांबडी शाई पुरायची नाही. आता नुसतं पाहा."

वडील पुन्हा स्टुलावर बसले. या खेपेस हात मांडीखाली दाबून! बऱ्याच वेळाने भिंगरी कामाला लागली. शेवटी एक जाडा दट्ट्या हातात उरला आणि भोक राहिले बारके. तिने तो दाबला, उलटा करून दाबला, मग वडिलांकडे पाहिले. वडील छताचा पंखा पाहू लागले. बावीस वर्षांत याहून अवघड काम त्यांनी केले नव्हते! भिंगरीने सगळे दट्टे उपसले, बोटाने एकेक भोक चाचपले आणि नव्याने आरंभ केला. दहाही बसले. शाबासकीसाठी तिने कोणाकडे पाहिले नाही. तिने दट्टे पुन्हा उपसले. अर्ज खिशातच राहिला.

बुधवारी, आठ वाजून दहा मिनिटांनी, वडील दारापाशी हात पाठीमागे बांधून उभे होते. पहिलेच बटण दुसऱ्या काजात गेले. त्यांना ते दिसले. छापखान्याची वेळही दिसली. ते हलले नाहीत. गळ्याशी पोहोचल्यावर भिंगरीला आढळले की काजे संपली आणि एक बटण उरले. "अरेच्चा!" ती म्हणाली आणि सगळी बटणे सोडून खालून पुन्हा लावू लागली.

वाचकहो, आपण मुलांना घास भरवतो, बूट घालतो, त्यांची वाक्येही पुरी करतो आणि त्याला माया म्हणतो. त्यात माया असतेच. परंतु त्यात आपली घाईही असते, आणि त्या घाईची किंमत मुलाच्या आत्मविश्वासाला मोजावी लागते. मुलाची चूक हे त्याचे स्वतःचे काम आहे. ते त्याच्याकडून हिरावून घेऊ नये.

दोघे बालघरात पोहोचले, तेव्हा वीस मिनिटे उशीर झाला होता.

"आज उशीर का ग?" ताईंनी विचारले.

भिंगरीने वडिलांकडे बोट दाखविले आणि निकाल दिला, "बाबांना आता थांबता येतं."