घरचा पाना

आमचं विमान जमिनीवर गळायचं. नवख्या माणसाला ते पाहून धडकी भरायची. पत्र्यांचे सांधे मुद्दामच सैल ठेवलेले असत, कारण आवाजाच्या तिप्पट वेगाने उडताना सगळं अंग तापून फुगायचं आणि मगच सांधे घट्ट बसायचे. तोवर आम्ही खाली ट्रे ठेवून इंधनाचे थेंब मोजायचो. शत्रूच्या डोक्यावरून फोटो काढून आणणारं ते काळं विमान इतकं देखणं होतं, की तीस वर्षांनी आजही आठवलं तरी ऊर भरून येतो.

पण हट्टीही तितकंच. कॅडमियमचं त्याला वावडं. दुकानातल्या साध्या पान्यांवर कॅडमियमचा मुलामा असतो. असा पाना टायटॅनियमच्या बोल्टला लागला आणि नंतर बोल्ट तापला, की त्याचं डोकं तुटायचं. म्हणून घरचा पाना हँगरमध्ये आणायला सक्त बंदी होती.

ऑर्व्हिल टॅकेट माझ्या हाताखालचा सगळ्यात जुना मेकॅनिक, माझ्या मुलीचा धर्मपिता. त्या सकाळी वैमानिक मेजर रीस उड्डाणाचा पोशाख चढवून विमानाकडे निघाला होता, आणि ऑर्व्हिल पांढऱ्याफटक चेहऱ्याने माझ्यासमोर उभा राहिला.

"चीफ, उड्डाण थांबव."

"का रे? डबा घरी राहिला का?"

"काल उजव्या इंजिनाच्या झाकणाचे बोल्ट मी घरच्या पान्याने आवळले. ट्रॅक्टर दुरुस्त करताना खिशात राहिला होता. हात आपोआप खिशात गेला बघ."

"किती बोल्ट?"

"सहा. नाहीतर सात."

"गाढवा, एकवीस वर्षं इथे काय झोपा काढल्यास?"

"शिव्या नंतर घाल. आधी थांबव."

उड्डाण रद्द झालं. कर्नल फोनवर माझ्यावर बरसला. त्या झाकणाचे सगळे बोल्ट आम्ही काढले, भट्टीत तापवले आणि एकेक ताणून पाहिला. पाचव्याचं डोकं टक् करून उडालं. मी ऑर्व्हिलच्या छातीवरचा बिल्ला काढून घेतला. त्याने मान खाली घातली आणि निघून गेला. मला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम, असं मी मनाला बजावलं.

दुसऱ्या दिवशी पोशाख चढवण्याआधी मेजर हँगरमध्ये आला.

"नवे बोल्ट कोणी बसवले?"

"मी स्वतः, मेजर."

"आणि टॅकेट?"

"काढलं त्याला."

तो विमानाभोवती एक फेरी मारून परत आला.

"चीफ, ती चूक तुझ्या हातून झाली असती, तर तू मला सांगितलं असतंस?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. शब्द फुटेना. बिल्ला, पेन्शन, घरची माणसं, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"बघ," मेजर शांतपणे म्हणाला. "तुझं मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही. त्याचं मात्र माहीत आहे. त्याला बोलाव. त्या बोल्टांवरून त्याचा हात फिरल्याशिवाय मी वर जाणार नाही."

मी फोनकडे गेलो. नंबर फिरवताना आयुष्यात पहिल्यांदा मला माझी स्वतःची लाज वाटत होती.