दोन विहिरींच्या मोटारी

मित्रांनो, मी सांगलीच्या एका क्लासमधला जुना कॉम्प्युटर. माझे सुटे भाग पुण्याहून आले आणि गावातल्याच दुकानात जोडले गेले. अठ्ठ्याण्णव साली विष्णुपंतांनी मला त्यांच्या क्लासमध्ये आणले. मुले चपला बाहेर काढून आत येत, तेव्हा मला देवासारखे वाटे.

प्रमोदिनीबाई तिथे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे कॉम्प्युटरसाठी सूचना लिहिण्याची एक पद्धत, शिकवत. माझ्यात कंपन्यांमध्ये वापरतात ते भलेमोठे सॉफ्टवेअर होते. उघडले की पडदाभर बटणेच बटणे. एक अर्धविराम राहिला, की चुकांची रांग लागे.

कडेगावचे जयराज माझ्यासमोर बसत. फौजेतून निवृत्त झालेले, कुपवाडच्या कारखान्यात नोकरी मिळावी म्हणून शिकणारे. कॉलेजच्या पोरांत ते अवघडून जात. एक दिवस ते उठलेच.

"मॅडम, उद्यापासनं मी येत न्हाई. फौजेत वायरलेस शिकलो, पण ह्ये डोक्यात शिरंना."

बाई तडक विष्णुपंतांकडे गेल्या. "सर, नवशिक्यांसाठी एक छोटं सॉफ्टवेअर मिळतं. सुरुवातीला ते घेऊ या."

"अहो, नोकरीच्या जाहिरातीत मोठ्याचं नाव असतं. खेळणं शिकवलं तर इथे येईल कोण?"

"आणि आलेले घाबरून गेले तर?"

विष्णुपंत म्हणाले, "एका कॉम्प्युटरवर करून बघा."

तो कॉम्प्युटर मी होतो.

बाईंनी माझ्यात ते छोटे सॉफ्टवेअर घातले आणि जयराजना परत बसवले. "शेतात रोज काय चालू-बंद करता?"

"विहिरीवरची मोटार."

"मग तीच बनवा."

जयराजनी मोटारीचा एक साचा, म्हणजे मोटार काय काय करते याचे वर्णन, लिहिला. त्यातून दोन विहिरींच्या दोन मोटारी बनवल्या. पडद्यावर दोन चौकोन उमटले, एकेका मोटारीचा एक. दोन्ही चालू केल्या, मग एक बंद केली.

"मॅडम! ही बंद झाली, तरी ती चालूच हाय की!"

"साचा एक, पण प्रत्येक मोटारीची स्थिती तिची तिची. अशा एकेका मोटारीलाच ऑब्जेक्ट म्हणतात."

"आवं, मग ह्ये तर मला ठावंच हुतं!" जयराज इतके मोठ्याने हसले, की सगळा क्लास वळून बघू लागला.

पुढे ते मोठ्या सॉफ्टवेअरवरही बसले. चुका तिथेही झाल्या, पण आता ते एकेक चूक वाचून दुरुस्त करत. विष्णुपंतांनी नव्या मुलांसाठी छोटे सॉफ्टवेअर सगळीकडे घातले. जयराजना कुपवाडला नोकरी लागली, ती मात्र माल मोजायच्या कामावर. तरी रविवारी ते क्लासला येत आणि बुजलेल्या मुलाशेजारी खुर्ची ओढून बसत.

नंतर वेगवान कॉम्प्युटर आले आणि मी अडगळीत गेलो. त्याचे वाईट वाटते. पण मागणे वेगळेच आहे. मित्रांनो, कुणाला काही शिकवाल, तेव्हा हातातले साधन किती मोठे आहे हे मागाहून बघा. आधी समोरच्याला विचारा, तुमच्याकडे रोज काय काय चालू-बंद होते?