ओतून दिलेले दूध

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चरवी आहे. अंगावर पोचे पडलेत, पण गळत मी कुठेच नाही. छत्रपती संभाजीनगरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि द्वारकाबाईंच्या लग्नात मी पिशोरला आले. सकाळ-संध्याकाळ माझ्यात धारा पडायच्या, फेस काठाशी यायचा. थेंबही सांडू देत नाही याचा मला भारी गर्व होता! मग प्लास्टिकची बादली आली आणि मी गोठ्यातल्या फळीवर जाऊन बसले. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटले.

तिथूनच मी पवळी गाईचे हाल पाहिले. तिला दगडी झाली. म्हणजे कास सुजून टणक होते आणि दुधात गुठळ्या येतात. सडात, म्हणजे आचळात, सोडायच्या औषधाच्या ट्यूबा आल्या. औषध चालू असताना दूध डेअरीला घालायचे नसते, ओतून द्यायचे असते. तिथेच घोडे अडले. दूध ओतणे म्हणजे पाप, हे द्वारकाबाई माहेराहून शिकून आलेल्या. सूज उतरली रे उतरली की त्या औषध थांबवायच्या आणि उरलेली ट्यूब देवळीत ठेवायच्या. दगडी परत यायची, दरवेळी जास्त चिवट होऊन. शेवटी ट्यूब सोडूनही सूज हलेना. एका सडातून पाणीच येऊ लागले. पवळी वासरालाही जवळ येऊ देईना.

"कन्नडच्या बाजारात घालू तिला. लई झालं," द्वारकाबाईंचे यजमान सांडू म्हणाले.

"माझी पवळी कुठं जायची नाय."

द्वारकाबाईंनी जनावरांच्या डॉक्टर कहकशा यांना बोलावले. त्यांनी दुधाचा नमुना शहरात तपासून घेतला आणि त्या परत आल्या.

"बाई, अर्ध्या औषधानं कमजोर जंतू मरतात. चिवट असतात ते मागं राहतात, अन् त्यांचीच पिलावळ वाढते. जुनी ट्यूब आता त्यांना लागू होत नाय. एक औषध लागू आहे. तेही मधेच सोडलं, तर पवळीसाठी माझ्याजवळ काहीच उरणार नाय."

"अन् दूध?"

"मी सांगेपर्यंत ओतायचं. वासराला दुसऱ्या गाईचं पाजा. पवळीसाठी भांडंही वेगळं ठेवा."

द्वारकाबाईंनी मला खाली काढून घासले, उकळत्या पाण्याने धुतले. मला वाटले, आपले दिवस पालटले! कसचे काय! त्यांनी माझ्यात पवळीची धार काढली आणि गोठ्यापासून लांब खणलेल्या खड्ड्यात मला उपडे केले. "माफ कर गं माय," त्या पुटपुटल्या. मला तर रडूच आले.

काही दिवसांनी कास मऊ झाली. दूध पांढरेशुभ्र दिसू लागले.

"आता चांगलंय की! कशाला वाया घालवती?" सांडू म्हणाले.

"डॉक्टरीणबाईनं अजून व्हय म्हटलं नाय," द्वारकाबाई म्हणाल्या आणि मला उचलून खड्ड्याकडे निघाल्या. या वेळी त्यांनी माफी मागितली नाही. मीही मनात म्हणत होते, ओता, बाई, ओता!

पवळीचा एक सड कायमचा गेला. औषध पुरे झाले, दूध पुन्हा तपासले, तेव्हा बाकीचे तीन निरोगी निघाले. आता ती वासराला चाटत उभी असते.

मित्रांनो, ओतलेले दूध गाय उद्या पुन्हा देते. निकामी केलेले औषध मात्र कुणी परत आणून देत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध मधेच सोडू नका, मग ते गाईचे असो की तुमचे स्वतःचे.

परवा शेजारचे कडुबा दारात आले. त्यांच्या गाईलाही दगडी झाली होती.

"वयनी, उरलेली एखादी ट्यूब आसंल तर द्या की."

द्वारकाबाई माझ्यावरून हात फिरवत उठल्या.

"आमच्या घरात आता औषध उरत नाय, भाऊ. डॉक्टरीणबाईला बोलवा. अन् तुमच्या घरी ओतायचा जीव होत नसंल, तर मी येते चरवी घिऊन."