पडद्यामागचा तिसरा आवाज

विश्वस्त होऊन तिला वर्षही झालं नव्हतं, पण संस्थेतल्या प्रत्येकाच्या खोकल्याचा अर्थ ती लावू लागली होती. घरी मूल गाढ झोपलं तरी त्याच्या नाकाशी बोट धरून बघणारी बाई ती. नवरा म्हणायचा, तुझ्या डोक्यात एक राखणदार बसलाय, त्याला कधीतरी रजा दे. ती म्हणायची, राखणदार रजेवर गेला की चोराची दिवाळी.

भागातली लोकगीतं जपणारी ही संस्था आज एका मुलीची निवड करणार होती. थोरल्या बाई आता थकल्या होत्या. जुनी गाणी मुखोद्गत असणारी तेवढी एकच बाई उरलेली, आणि त्या शेवटची एक शिष्या घरी ठेवून घ्यायला कशाबशा तयार झाल्या होत्या. एकच. पुन्हा विचारू नका म्हणाल्या होत्या.

निवडीची पद्धत कडक होती. नाव नाही, चेहरा नाही. दालनाच्या टोकाला जाड पडदा, त्यामागे गाणारी आणि साथीला ढोलकवाला. अलीकडे चार विश्वस्त. फक्त नंबर पुकारायचा. आणि आवाज आपल्या माणसाचा आहे असं ओळखू आलं, तर त्या विश्वस्तानं मुकाट उठून बाहेर जायचं. पहिल्याच बैठकीत तिने विचारलं होतं, त्यापेक्षा नातेवाइकांना बंदीच का घालत नाही? अध्यक्ष हसले होते. इथं प्रत्येकजण प्रत्येकाचं कुणीतरी लागतं, नाती वगळली तर गायला पडदाच उरेल, असं म्हणाले होते. पण आजवर एकही विश्वस्त उठून गेला नव्हता, हे तिला कळलं तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती.

यंदा तिची धाकटी नणंद गाणार होती. नंबर विचारायचा नाही, सांगायचा नाही, असं दोघींनी ठरवलं होतं. या जागेसाठी पोरीने नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला होता, जमत आलेलं लग्न पुढं ढकललं होतं. सकाळी सासूबाई म्हणाल्या, घरचंच माणूस खुर्चीत बसलंय, मग काळजी कसली? नणंद चप्पल घालताघालता थांबली. "आई, तीच तर काळजी आहे."

पहिली मुलगी गायला लागली आणि अध्यक्षांनी डोळे मिटले. हिला वाटलं, हे ऐकणं नव्हे, ओळख लपवणं आहे. दुसरीच्या वेळी शेजारच्या खुर्चीतल्या विश्वस्त डॉक्टरीणबाईंनी शेवटचं कडवं पुन्हा म्हणायला लावलं. का? भाची असेल. ढोलकवाल्यानं सुरुवातीला एक जादाची थाप मारली असंही तिला वाटलं. चौथे विश्वस्त, निवृत्त मास्तर, कागदावर हात आडवा धरून गुण लिहीत होते, वर्गातल्या कॉपीबहाद्दरांपासून लपवल्यासारखे. साऱ्यांनाच कुणीतरी ओळखू येतंय आणि सारेच चिकटून बसलेत, याबद्दल तिची खात्री होत चालली.

मग तिसरा नंबर पुकारला.

पहिल्या ओळीच्या शेवटी आवाज खाली उतरला, आणि तळाशी टेकता टेकता उचकी लागल्यासारखा किंचित उचकला. रोज रात्री बाळाला मांडीवर घेऊन नणंद गुणगुणायची तेव्हा तिचा आवाज असाच उचकायचा. बसून राहावं का? कुणाला कळणार होतं? पण मग इतका वेळ ज्यांच्याकडे ती रोखून बघत होती त्यांच्यात आणि तिच्यात फरक काय राहिला? ती उठली. खुर्ची करकरली. तिघांच्याही नजरा तिच्या पाठीत रुतल्या.

बाहेरच्या बोळात बाकावर मुली बसल्या होत्या. त्यांत नणंद होती, हातात पाच नंबरची चिठ्ठी.

"वहिनी, तू बाहेर कशी?"

आत गाणं चालूच होतं. ते कोण गातंय, हिने विचारलं. नणंद म्हणाली, आमच्याच शिकवणीतली आहे, आम्ही लहानपणी एकाच सतरंजीवर बसायचो. हिचा पडलेला चेहरा बघून तिला सगळं समजलं. आमच्या त्या शिकवणीतल्या बाईंकडे शिकलेल्या सगळ्याच अशा ओळ संपवतात गं, ती हळूच म्हणाली. आणि मग, आणखी हळू, "आता आत जाऊन काही बोलू नकोस. बोललीस तर मग तुझी कोण असं विचारतील, आणि पाच नंबर माझा आहे हे सगळ्यांना कळेल."

खरं होतं. गप्प राहिली तर तिसरीला कुणाची तरी नणंद ठरवून बाजूला सारतील. बोलली तर पाचवीला. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर, आणि खणलेली दोन्ही हिनेच.

ती नणंदेकडे बघत राहिली. "बोलावं लागेल मला," म्हणाली. नणंदेनं मान फिरवली.

आत येऊन तिने सांगून टाकलं की तिसरी आपली कुणी नाही, चूक झाली. आपली आहे ती पाचवी. मग मास्तरांनी चष्मा काढला. "आधी तीन, आता पाच. बाई, सहावीच्या वेळी बसणार आहात की तीही तुमचीच?"

डॉक्टरीणबाईंनी मात्र आपला कागद पुढं सरकवला. त्यांनी तिसरीचे गुण लिहून खोडले होते. म्हणाल्या, तुम्ही उठलात, मला वाटलं घरची पोरगी. उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून कमी केले. अध्यक्षांनी आपला कागद पालथा घातला, तेवढ्यावरून काय ते समजलं. बराच खल झाला. शेवटी तिसरीला पुन्हा गायला लावायचं ठरलं, आणि पाचवीच्या वेळी हिने बाहेर थांबायचं.

नणंद गात असताना ती बोळातल्या बाकावर बसून होती. दार जाड होतं. आतून सूर येत होता, शब्द येत नव्हते. तिला एवढंच ओळखू आलं, की आज ओळीच्या शेवटी आवाज उचकत नव्हता. पोरगी तेवढी जागा चुकवत होती, मुद्दाम.

निवड तिसरीची झाली. गाण्यावर, की झालेला अन्याय धुऊन काढायला, हे चौघांपैकी कुणालाच शपथेवर सांगता आलं नसतं. पाचवीचे गुण प्रामाणिकपणे दिले असं अध्यक्ष तिला दोनदा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा म्हणाले म्हणूनच तिचा त्यावरचा विश्वास उडाला.

घरी जाताना चौकात वाहनं जायची वाट बघत दोघी उभ्या राहिल्या, तेव्हा नणंदेनं विचारलं, "वहिनी, तो आवाज माझाच वाटला ना तुला? मग खरं सांग. तेव्हा चांगला वाटला होता?"

या प्रश्नात टोमणा आहे, की राग, की दुसरंच काही, हे तिने नणंदेच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं. सापडलं नाही.

"सगळ्यांत चांगला," ती म्हणाली.

नणंदेनं मान डोलावली, आणि रस्ता मोकळा नसतानाच पाऊल टाकलं. हिने तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.