पाखऱ्याचं घुंगरू

कारभारीचा हात पाठीवर पडला की मारका बैलसुद्धा गाईसारखा गरीब होतो, असं पार अंबडच्या बाजारापर्यंत बोललं जायचं. त्याच कारभारीला आता एक वीतभर ससा दाद देत नव्हता.

ससा आणला होता लेकीनं. केशर जुन्या जालन्यात दिलेली. पाखऱ्या बैल म्हातारपणानं दावणीलाच गेला, तेव्हापासून बापाला अन्न गोड लागत नाही, हे तिच्या कानावर आलं होतं. "बैल न्हाई तर न्हाई, जीव तर हाये," म्हणत तिनं टोपली ओसरीवर ठेवली आणि संध्याकाळच्या एस्टीनं परत गेली.

नवं जनावर दारात आलं की त्याचा मान झाला पाहिजे. बायकोनं, झुंबरबाईनं, सशाला हळदकुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. कारभारीनं पाखऱ्याच्या घुंगुरमाळेतलं एक घुंगरू सोडवलं आणि काळ्या दोऱ्यात ओवून सशाच्या गळ्यात बांधलं. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर त्यानं दिलं नसतं. घरात तो आवाज पुन्हा आला, तेव्हा त्याला फार बरं वाटलं.

ससा मात्र बाजेखाली शिरला तो शिरलाच.

कारभारीनं बैलाचे सगळे उपाय केले. मुठीत सरकी धरली, मिठाचा खडा ठेवला, बैल पाणी पिताना घालतात तशी शीळ घातली. ससा एखादं पाऊल पुढं टाकायचा, दचकायचा आणि कणगीला धडकून मागं पळायचा. मग कारभारी बाजेखाली हात घालायचा आणि डोक्याला जळमटं घेऊन बाहेर यायचा. "मर तिकडं उपाशी," म्हणून चिडायचा आणि घटकाभरानं कोवळा घास खुडून पुन्हा गुडघे टेकायचा.

"साऱ्या गावाचे बैल सुधारले," झुंबरबाई चुलीपुढून म्हणाली, "अन् घरचा ससा बाजंखाली."

"तू गप ऱ्हाय. बैल काय पाहिजे ते बराबर सांगतो. हे निस्तं थरथरून राह्यलं."

त्याला नुसता राग नव्हता. पाखऱ्याबरोबर आपल्या हातातली कलाही गेली की काय, अशी त्याला भीती होती. आता आपल्याजवळ कोणतंच जनावर येणार नाही, असं त्याला वाटायचं, आणि हे तो झुंबरबाईलाही बोलला नव्हता.

एका दुपारी तो हात टेकून, म्हणजे अगदी हरून, भिंतीशी बसून राहिला. झुंबरबाई विहिरीवर गेली होती. घरात कुणी हलत नव्हतं. बाजेखालून ससा हळूच निघाला, घासाकडं वळला, आणि गळ्यातलं घुंगरू खुळखुळलं. ससा टुणकन उडाला. उडाला तसं घुंगरू जास्तच वाजलं, आणि तो जीव घेऊन पळाला.

कारभारीनं कपाळावर हात मारून घेतला. इतके दिवस हे पोर आपल्याला भितंय म्हणून तो जळत होता, आणि त्याच्या गळ्यात भीती त्यानंच बांधली होती. बैलाला त्या आवाजानं हुरूप येतो. सशाला वाटत होतं, कोणीतरी पाठीवर बसूनच आहे.

त्यानं सशाला कोपऱ्यात गाठलं. सशानं अंगठ्याला कडकडून चावा घेतला. कारभारीनं दोरा कापला आणि परत भिंतीशी जाऊन बसला. घुंगरू मुठीत होतं. मूठ उघडायचा त्याला धीर होत नव्हता.

त्या दिवशी ससा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कारभारी रोज दुपारी तिथंच बसायचा, मांडीवर घास ठेवून, शीळ न घालता.

मग एकदा झुंबरबाई विहिरीवरून आली, कळशी उतरवली आणि इकडंतिकडं बघू लागली.

"ससा कुठं गेला म्हणायचा? घुंगरू वाजंना झालं."

कारभारीनं हळू हात वर करून तिला थांबवलं. ससा त्याच्या धोतरावर बसून घास खात होता. कारभारीचे डोळे भरून आले होते, पण पुसायला हात हलवायची त्याची तयारी नव्हती.

"सोडलं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ते पाखऱ्याचं व्हतं."