पॅरिझियन झोपवताना

बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायच्या आत आमची पॅरिझियन शेडमध्ये गेली नाही, असं सत्तेचाळीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. सदुसष्टची गाडी. मडगार्डखालून हात फिरवा, गंजाचा कण जरी लागला तरी नाव बदलीन. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगतो.

यंदा मात्र हात इतके थरथरतात की पानाही धरवत नाही. शेजारचा स्टेफ्को टपूनच होता. "वासिल, तुझ्याच्यानं होणार नाही आणि पोरीला जमणार नाही. गाडी मला विकून टाक." मी भडकलो. म्हटलं, "डारियानं एकटीनं गाडी हिवाळ्यासाठी नीट झोपवली तर गाडी तिची. एक जरी चूक सापडली तर तुझी."

डारिया, माझी मुलगी, विनिपेगहून आली ती कमरेवर हात ठेवूनच. "पैज लावताना मला विचारायची पद्धत नाही का, तातो?" आणि तिनं बाह्या सरसावल्या.

तिनं टाकी गळ्यापर्यंत भरून आणली, पेट्रोल टिकायचं औषध घालून. शेडमध्ये गाडी मात्र मीच लावणार, असा हट्ट धरून मी ती आत लावली. मग मी आणि स्टेफ्को खुर्च्या टाकून बसलो. चकार शब्द काढायचा नाही, असं ठरलं होतं.

इंजिन गरम होतं तोवरच तिनं ऑइल बदललं. बॅटरी काढून तळघरात नेली. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या नळीत तारेच्या काथ्याचा बोळा कोंबला, आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधली: 'आधी बोळा काढा.'

"उंदरांना वाचता येतं वाटतं," स्टेफ्को म्हणाला.

"तुमच्यासाठी आहे ती, काका."

मग चाकांना लाकडी गुटके लावून तिनं दार उघडलं, आत वाकली, आणि हलकासा खट् आवाज झाला. तो मला एकट्यालाच कळला. हँडब्रेक मी ओढून ठेवला होता! हिवाळाभर ओढलेला ब्रेक चाकाला चिकटून बसतो. एकदा स्टेफ्कोनं हेच केलं होतं. मे महिन्यात त्याचा ट्रक ट्रॅक्टरनं ओढावा लागला होता. ते मी दर लग्नात रंगवून सांगत आलोय. डारियानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शांतपणे गाडीवर चादर ओढायला लागली.

स्टेफ्को टॉर्च घेऊन अर्धा तास चादर उचलून उचलून बघत होता. शेवटी म्हणाला, "मानलं बुवा. चूक नाही."

गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण पोरीचा अभिमान पोटात मावेना.

"एक होती. हँडब्रेक ओढलेला होता."

स्टेफ्को उडालाच. "मग गाडी माझी!"

"ओढला मी. सोडला तिनं. वर तुझ्यासमोर माझी लाजही राखली."

"तातो, पुरे ना," डारिया लाल झाली.

"का पुरे? स्टेफ्को, जा, गावभर सांग. पण अख्खं सांग. म्हाताऱ्यानं घोळ घातला आणि त्याच्या लेकीनं तो निस्तरला."